राखून ठेवलेलं गवत

त्या वैरण संशोधन केंद्रात हुशार माणसांना तोटा नव्हता. मातीवाले होते, बियाणंवाले होते, किडीवाले होते, आणि या सगळ्यांनी लिहिलेल्या कागदांवर सर्वांत वर आपलं नाव घालणारे मोठे साहेब होते. पण केंद्राची शान राखली ती एकट्या पट्टीवाल्यांनी. हुद्द्याने ते क्षेत्र सहाय्यक, म्हणजे शेतात जे काही करायचं ते दुसऱ्यांकडून करून घेणारे. त्यांच्या हातात सदानकदा लाल-पांढरे पट्टे मारलेली एक लांब लाकडी मोजपट्टी असायची. ती घेऊन ते सकाळी घराबाहेर पडत आणि संध्याकाळी तीच खांद्यावर टाकून परत येत. त्यामुळे हुद्दा कुठल्या कुठे राहिला आणि पट्टीवाले हेच त्यांचं नाव पडलं. नवीन माणसाने खरं नाव विचारलं तर कार्यालयातले लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

गवत उंच असावं, या एका वाक्यावर पट्टीवाल्यांची सगळी नोकरी उभी होती. ते काही त्यांच्या मनाचं वाक्य नव्हतं. केंद्राची रीतच तशी होती. रस्त्याकडेच्या पट्ट्यात हत्तीगवत लावायचं, पाहुणे येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि पाहुणे आले की त्यांना त्या गवतात उभं करून फोटो काढायचा. गवत पाहुण्यांच्या डोक्याच्या वर गेलं तर संशोधन यशस्वी. नुसतं खांद्यापर्यंत आलं तर साहेब दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. कार्यालयाच्या लांबलचक व्हरांड्यात असे फोटो ओळीने लावलेले होते. प्रत्येक फोटोत एक बडा माणूस गवतात बुडून हसतोय आणि शेजारी पट्टीवाले मोजपट्टी धरून उभे आहेत. बडी माणसं बदलत गेली, पट्टीवाल्यांचे केस पिकत गेले, गवत मात्र दरवर्षी उंचच राहिलं. त्यांना या गोष्टीचा मनापासून अभिमान होता.

गवताला हा अभिमान कितपत कळत होता, ते सांगणं अवघड आहे. पण गायींना कळत नव्हता. पट्टीवाल्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, क्वार्टरच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन गायी पाळल्या होत्या. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या की ते उंच गवत कापून पट्टीवाले घरी आणत आणि मोठ्या कौतुकाने गव्हाणीत टाकत. गायी वरचा पाला ओरबाडून खात आणि खालची बोटाएवढी जाड धाटं तशीच सोडून देत. सकाळी काकू ती गोळा करत आणि नवऱ्याच्या समोरून मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, हे गवत भलतं उपयोगाचं आहे, उन्हात वाळलं की भाजीच्या वेलाला आधार म्हणून याच्यासारखं काही नाही. पट्टीवाले यावर बोलत नसत. गायीला संशोधनातलं काय कळणार, आणि बायकोला गायीपलीकडचं काय कळणार, असं ते मनातल्या मनात म्हणत. तेवढीच हिंमत होती.

अशा या सुखी केंद्रात नवीन बाई आल्या. शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या, अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. नोकरी कंत्राटी, तीही त्या हंगामापुरती. पुढे ठेवायचं की निरोप द्यायचा हे हंगामाअखेर पाहणीला येणारी समिती ठरवणार होती, आणि समिती बघणार होती एकच गोष्ट: बाईंनी हाती घेतलेला प्रयोग पुरा झाला की नाही. घरी वडील आजारी, कमावणाऱ्या एकट्या बाईच. हे त्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं, पण काकूंनी पहिल्या भेटीतच काढून घेतलं. काकूंनी मनावर घेतलं तर दगडाकडूनही त्याच्या घरचं काढून घेतलं असतं.

नवीन माणसाला जागा द्यायची म्हटल्यावर साहेबांनी रस्त्याकडेच्या पट्ट्याचा अर्धा भाग दिला. तिथे धूळ उडते, गुरं शिरतात आणि येणारा-जाणारा उगाच शहाणपणा शिकवतो, म्हणून इतर कुणाला तो नको होता. बाईंनी तिथे हत्तीगवताची कांडी लावली, वाफे पाडले आणि पट्टीवाल्यांकडून पाट्या रंगवून घेतल्या. काही पाट्यांवर कोवळं, काहींवर मधलं, काहींवर जून. पट्टीवाल्यांनी विचारलं, तीन जाती आणल्यात का? बाई म्हणाल्या, जात एकच, पाणी तेच, खत तेच. फरक फक्त कापणीच्या वयाचा. कोवळं महिन्याभराने कापायचं, फुटलं की पुन्हा महिन्याभराने. मधलं त्याच्या दीडपट वयाचं झालं की. आणि जून अडीच-तीन महिने उभंच ठेवायचं.

पट्टीवाल्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. गवत कंबरेला लागलं नाही तोवर कापायचं, हे म्हणजे मुलाला दुसरीतच शाळेतून काढण्यासारखं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी वाद घातला नाही. पहिल्या कापणीचे नमुने प्रयोगशाळेतल्या भट्टीत सुकवायला ठेवताना त्यांनी पट्टीवाल्यांना शेजारी उभं केलं आणि सगळं समजावून सांगितलं. कोवळ्या गवतात पाला जास्त, म्हणून प्रथिनं जास्त, गायीला पचतंही चांगलं. गवत जसं वाढतं तसा पाला कमी आणि धाट जास्त होतं. धाट उभं राहायचं तर ते कडक व्हावं लागतं, आणि कडक झालं की त्यात उरतो चोथा. वजन वाढतं, उंची वाढते, पोषण मात्र खाली येतं. गाय पोट भरून खाते आणि उपाशी राहते.

पट्टीवाल्यांनी लगेच अडवलं. मग एवढं चांगलं असेल तर रोजच कोवळं कापा की. त्यांना वाटलं, बाई आता अडकल्या. पण बाई उलट खूश झाल्या. म्हणाल्या, तिथेच तर गोम आहे. फार कोवळं कापलं तर वजन हाताला लागत नाही, आणि सारखं कापत राहिलं तर ठोंब दमतो. मुळाशी साठवलेलं सगळं पुन्हा पाला फुटण्यातच खर्च होतं, फुटवे बारीक पडतात आणि वर्षाअखेर जागोजाग टक्कल पडतं. म्हणजे लवकर कापून चालत नाही आणि उशिरा कापूनही चालत नाही. मधली वेळ नेमकी कुठली, तेच तर शोधायचंय. ते मलाही माहीत नाही, काका.

मलाही माहीत नाही, असं त्या केंद्रात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पट्टीवाले जरा वरमले. बाई त्यांना काका म्हणत, पाणी कधी सोडायचं ते विचारत, आणि कोवळ्या वाफ्यांची उंचीही मोजायला लावत, ती गुडघ्याएवढी असली तरी. एकदा तर त्यांनी कोवळ्याची एक पेंढी आणि जुन्याची एक पेंढी काकांच्या घरी धाडली. काकूंच्या गायींनी कोवळ्याची काडीही शिल्लक ठेवली नाही. त्या दिवसापासून काकू बाईंच्या पक्षात गेल्या आणि येता-जाता नवऱ्याला विचारू लागल्या की, इतकी वर्षं तुम्ही नक्की काय मोजत होता? पट्टीवाले हसण्यावारी नेत. पण बाईंचा त्यांना लळा लागला होता, हे खरं. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि असतं तर असंच नाकासमोर चालणारं असतं, असं त्यांना वाटे. पटत मात्र त्यांना बाईंचं काहीच नव्हतं. कोवळे वाफे कापून टाकले की त्यांना ते नुकत्याच हजामत केलेल्या डोक्यासारखे दिसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांसमोर लाज वाटे.

हंगाम संपत आला. कोवळ्या वाफ्यांची शेवटची कापणी तोंडावर आली आणि नेमका बाईंना घरून फोन आला. वडिलांचं ऑपरेशन ठरलं होतं, जावं लागणार होतं. जाण्याआधी बाई पट्टीवाल्यांना घेऊन वाफ्यांवरून फिरल्या. म्हणाल्या, परवा सकाळी कोवळं कापायचं, वजन घ्यायचं, नमुना भट्टीत टाकायचा. एवढी एक कापणी झाली की प्रयोग पुरा. आणि हे बघा काका, पुढे गेलं तर ते कोवळं राहणार नाही, मग त्याला काही अर्थ नाही. साहेब काही म्हणाले तर मला फोन करा, मी बोलते त्यांच्याशी. पट्टीवाले म्हणाले, तुम्ही निश्चिंत जा, वडिलांकडे बघा.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की समितीचे लोक चार दिवसांत येताहेत, रस्त्याकडेच्या पट्ट्याला कुणी विळा लावायचा नाही. साहेबांना तिथे बाईंचा प्रयोग आहे हे माहीत होतं. पण साहेबांच्या डोक्यात तो पट्टा म्हणजे व्हरांड्यातल्या पुढच्या फोटोची जागा होती. पट्टीवाल्यांनी तिथेच तोंड उघडून सांगायला हवं होतं की, उद्या कोवळ्याची कापणी आहे. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मग फोन. फोन करायला काय झालं होतं? पण पट्टीवाल्यांनी विचार केला, पोरगी बिचारी दवाखान्यात, बाप टेबलावर, अशा वेळी गवताचं काय घेऊन बसायचं. हा विचार ऐकायला फार चांगला होता आणि त्यांच्या सोयीचाही होता. शिवाय त्यांच्या पोटातली गोष्ट वेगळीच होती. त्यांना खरंच वाटत होतं की, बाईंचं चुकतंय. समिती येणार, आणि बाईंच्या वाफ्यांत काय दाखवायचं? गुडघ्याएवढी टकली? इतरांचं गवत डोक्याच्या वर आणि आपल्या पोरीचं जमिनीला टेकलेलं? समिती काय म्हणेल? नाही, असं होऊ द्यायचं नाही. तिला कळत नाही तर आपण सांभाळून घ्यायचं.

आणि त्यांनी सांभाळून घेतलं. कापणीचा दिवस तसाच जाऊ दिला. समितीचं येणं एकदा पुढे गेलं, मग आणखी एकदा गेलं, कारण अध्यक्षांना सवड नव्हती. त्यात काही आठवडे गेले, तोवर कोवळं, मधलं, जून सगळे वाफे एकाच दमाने वाढत राहिले. पट्टीवाल्यांनी नुसतं वाढू दिलं नाही. कोवळे वाफे मागे पडू नयेत म्हणून त्यांना संध्याकाळी जास्तीचं पाणी सोडलं आणि स्वतःच्या हाताने युरिया टाकला. म्हणजे उरलासुरला प्रयोगही त्यांनी मोठ्या प्रेमाने मातीत घातला. रोज मोजपट्टी लावून बघायचे आणि मनाशी म्हणायचे, बाई आल्या की थक्क होतील. यात तरी ते अगदी बरोबर निघाले.

समिती येणार त्याच सकाळी बाई परतल्या. ऑपरेशन नीट झालं होतं. रात्रभर प्रवास करून आल्या होत्या, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. फाटकातून थेट पट्ट्याकडे आल्या आणि कोवळं लिहिलेल्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. पाटी दिसत नव्हती, गवत बाजूला सारून वाचावी लागली. पट्टीवाले लगबगीने पुढे झाले.

“काका, हे कधी कापलं?” बाईंनी विचारलं.

“कापलंच नाही,” पट्टीवाले म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “तुमच्यासाठी राखून ठेवलं. बघा, किती उंच गेलंय.”

बाईंनी एक धाट हातात घेऊन नखाने दाबून बघितलं. नख शिरलं नाही. मग त्या वाफ्याच्या बांधावर खाली बसल्या. पट्टीवाल्यांना आधी वाटलं, प्रवासाने दमल्यात. चहा आणू का विचारलं. बाईंनी फक्त युरियाची रिकामी गोणी बघितली आणि तो कशात टाकला ते विचारलं. कोवळ्यात, पट्टीवाले म्हणाले. आपण काय करून बसलो, हे त्यांना त्या घडीला कळलं. कळायला कुणी अडवलं नव्हतं, पण त्यांना ते आधी कळून घ्यायचं नव्हतं.

दुपारी गाड्या आल्या. पहारेकऱ्याने फाटक सताड उघडलं, साहेबांनी पुढे होऊन दारं उघडली, अध्यक्ष उतरले. गृहस्थ ठेंगणे होते, त्यामुळे गवत फारच उंच दिसलं आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. फोटो झाले. अध्यक्ष गवतातून बाहेर आले, कपड्यांवरची कुसं झटकली आणि त्यांची नजर पाट्यांवर गेली. माणूस अगदीच कोरा नव्हता. त्यांनी विचारलं, हा कापणीच्या वयाचा प्रयोग ना? मग तिन्ही वाफे एकाच उंचीचे कसे?

साहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “बाई रजेवर होत्या.” पाच-सहा वर्षं घोकल्यासारखं हे वाक्य त्यांच्या तोंडून सुटलं.

बाई पुढे आल्या. म्हणाल्या, वडिलांचं ऑपरेशन होतं, पण कापणी कधी आणि कशी करायची ते मी सांगून गेले होते. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला? बाईंनी वळून पट्टीवाल्यांकडे बघितलं. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, फक्त बघितलं. तुम्हीच सांगा, असं ते बघणं होतं, आणि पट्टीवाल्यांना ते अगदी स्वच्छ कळलं. ‘मला सांगितलं होतं साहेब, मी नाही कापलं’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण समोर मोठे साहेब भुवया उंचावून उभे होते आणि निवृत्ती पुढच्या वर्षावर आली होती. पट्टीवाले मोजपट्टीवरचे पट्टे बघत बसले, जणू ते तिथे आजच रंगवले होते. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाल्या, “प्रयोग माझा होता. जबाबदारी माझीच.”

अवघडल्यासारखं झालं तसं साहेबांनी हसत विषय बदलला. “ते असू द्या. पट्टीवाले, अध्यक्षांना उंची सांगा.”

पट्टीवाल्यांनी मोजपट्टी लावली आणि उंची सांगितली. वर्षानुवर्षांच्या सवयीने आवाज खणखणीत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर काकूंनी सगळं विचारून घेतलं. पट्टीवाल्यांनी काही लपवलं नाही, घरात लपवणं त्यांना जमतही नसे. काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी विचारलं, “तिने तुमच्याकडे बघितलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“उंची सांगितली,” पट्टीवाले म्हणाले.

एरवी काकूंनी यावर आठवडाभर पुरेल एवढं ऐकवलं असतं. त्या दिवशी त्या उठून गायींकडे गेल्या आणि ताट तसंच राहिलं. पट्टीवाल्यांना ते ऐकून घेण्यापेक्षा जड गेलं.

साहेबांना जाऊन खरं सांगायचं, हे त्यांनी त्याच वेळी ठरवलं. फक्त उद्या नको, उद्या साहेब समितीच्या धावपळीत. परवा साहेबांना सर्दी. त्यानंतर सुटी. सुटीनंतर साहेब खुशीत होते, आणि खुशीतल्या माणसाचा मूड कशाला घालवा? मग साहेब वैतागलेले होते, आणि वैतागलेल्या माणसासमोर कशाला जा? असं करता करता पट्टीवाले रोज मनातलं वाक्य घासूनपुसून तयार करत राहिले. आधी ते साधं होतं. मग त्यात परिस्थिती आली, मग हेतू आला, मग सद्भावना आली. वाक्य वाढत वाढत चांगलं लांबलचक झालं. बाई रोज समोर दिसत. बोलत पूर्वीसारख्याच, फक्त उंची मोजायला सांगत नसत.

आणि एका सकाळी समितीचा निर्णय आला. प्रयोग अपुरा, सबब मुदतवाढ नाही.

तेव्हा कुठे पट्टीवाले साहेबांच्या खोलीत गेले. टेबलाच्या काचेखाली साहेबांचे स्वतःचे गवतातले फोटो होते. त्यांच्याकडे बघतच त्यांनी सगळं सांगितलं. बाई सांगून गेल्या होत्या, फोन करा म्हणाल्या होत्या, मी केला नाही, मी कापलं नाही, पाणी मी सोडलं, युरिया मी टाकला, बाईंचा काडीचाही दोष नाही. बोलून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की, डोळे भरून आले. आता साहेब भडकतील, निवृत्तीआधी बडतर्फ करतील, जे व्हायचं ते होवो.

साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी पट्टीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पट्टीवाले, तुमचं मन फार मोठं आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या पोरीसाठी स्वतःवर घेताय. पण असं करून चालत नाही. चूक कुणाची ते सगळ्यांनी बघितलंय, तिने स्वतः अध्यक्षांसमोर कबूल केलंय.”

पट्टीवाल्यांनी पुन्हा सांगितलं. मग शपथ घेऊन सांगितलं. जितकं कळवळून सांगितलं तितके साहेब जास्त गहिवरत गेले. त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर हे उदाहरण म्हणून सांगितलं, हल्ली अशी माणसं राहिली नाहीत असंही म्हणाले. मातीवाल्यांनी मान हलवली, बियाणंवाल्यांनी पाठ थोपटली. किडीवाल्यांनी तर आपला चहा त्यांच्या हातात दिला. पट्टीवाले मध्ये उभे राहून, अहो खरंच मीच, खरंच मीच, असं म्हणत होते आणि प्रत्येक वेळी लोकांच्या मनात त्यांची उंची आणखी वाढत होती.

बाई महिनाअखेरीला गेल्या. प्रयोगशाळेत त्या आपलं सामान खोक्यात भरत होत्या तेव्हा पट्टीवाले दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, मी साहेबांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, कळलं मला, चहाच्या वेळी मीही होते तिथे मागे. खोक्याला दोरी बांधता बांधता त्यांनी एवढंच विचारलं की, त्या दुपारी का नाही सांगितलं? तिथे एका वाक्यात भागलं असतं, अध्यक्षांनी ऐकलंही असतं. रागाने नव्हे, कोवळ्याचं वजन विचारावं तसं विचारलं. पट्टीवाल्यांकडे उत्तर होतं, पण ते माणसाने तोंडाने उच्चारावं असं नव्हतं.

“पुढच्या वेळी…” त्यांनी सुरुवात केली.

“पुढची वेळ तुमची आहे, काका,” बाई म्हणाल्या. “माझी एकच होती.”

पट्टीवाल्यांनी खोकं उचललं. बाई नको म्हणाल्या तरी त्यांनी ते फाटकापर्यंत नेलं. रिक्षा उभीच होती. खोकं आत ठेवलं. काकूंना सांभाळा, गायींना जून घालू नका, एवढं बोलून बाई बसल्या आणि रिक्षा निघाली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी पट्टीवाले तिथेच उभे होते.

फाटक लावता लावता पहारेकऱ्याने सहज म्हणून विचारलं की, बाई कायमच्या चालल्या का.

“हो,” पट्टीवाले म्हणाले. मग नीट त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “माझ्यामुळे चालल्यात. चूक माझी होती.”

पहारेकऱ्याने कडी घातली आणि आदराने त्यांच्याकडे बघितलं.

“ऐकलंय सगळं, काका,” तो म्हणाला. “तुमच्यासारखं मन पाहिजे.”